बहात्तर तास

४ मार्च, दुपार

ती. ताईस,
सा. न.

सकाळी एका बाईंचं रक्त काढलं आणि सुईवर परत टोपण बसवायला गेले. तसं करू नये, हे मीच नव्या मुलींना बजावते. हात सवयीने गेला. सुई हातमोज्यातून बोटात शिरली. बाई शिवणकाम करतात. त्यांना एचआयव्ही आहे, केसपेपरवर लिहिलंय. बोट साबणाने धुतलं. कुणाला बोलले नाही. पुढच्या महिन्यात मला कायम करणार आहेत, आणि मेट्रनबाईंना कुणाची चूक म्हणजे मेजवानी. फोन त्यांच्याच टेबलावर, म्हणून पत्र. परवा हे रजेवर येतील. तू एवढी वर्षं नर्स आहेस. काय करू?

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
ठकू

७ मार्च, दुपार

चि. ठकूस,
अ. आ.

पत्र आत्ता मिळालं. बहात्तर तास आज सकाळीच सरले. तेवढ्या वेळात, खरं तर पहिल्या काही तासांतच, लागण टाळायच्या गोळ्या सुरू करायच्या असतात. नंतर त्यांचा भरवसा नाही. ही पत्राने विचारायची गोष्ट होती का, शहाणे? फोन केला, मेट्रनबाईंनीच उचलला. वेळ तर टळलीच होती, नोकरी कशाला घालवू, म्हणून ठेवून दिला.

अशा सुईने हजारात तिघांना लागण होते. बाई नेमाने औषध घेत असतील तर त्याहूनही कमी. तरी आजच डॉक्टरांना गाठ. नवऱ्याला सांग. सोबत जेवा, जवळ बसा, त्याने काही होत नाही. तपासण्या संपेपर्यंत कंडोम मात्र वापरा.

शेजारचा ड्रायव्हर तिकडे निघालाय, त्याच्या हाती देते. त्याला थांबवून उत्तर लिही.

रागावलेली आणि तेवढीच घाबरलेली,
ताई

७ मार्च, संध्याकाळ

ती. ताईस,
सा. न.

गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. तसं पत्र पाच तारखेला टाकलंय, वाटेत असेल.

बाईंनी सुई लागताना पाहिलं होतं. मी डॉक्टरांकडे जाते का, ते बघत त्या दुपारपर्यंत बाकावर बसून होत्या. पत्र पेटीत टाकून आले, तर त्यांनी माझं मनगटच धरलं. डॉक्टरांच्या दाराशी रांग होती. रांगेत त्यांच्या गल्लीतल्या दोघी. अकरा वर्षं जे लपवलं ते बाई उभ्याउभ्या बोलल्या: "माझी सुई हिला लागलीय. मला एचआयव्ही आहे. हिच्या गोळ्या आत्ता सुरू करा."

मेट्रनबाई ओरडल्या. आता गोळीच्या वेळी त्याच पाणी आणून देतात. फार मळमळतं, पण अठ्ठावीस दिवसांत एकही चुकवणार नाही. ह्यांना सांगितलं. हे उठले. मग माझ्याच पेल्यातून पाणी प्यायले.

तुझीच,
ठकू

१० जून

ती. ताईस,
सा. न.

काल शेवटची तपासणी झाली. लागण नाही.

बाईंना सांगायला दुकानात गेले. मशीनवर कापड नव्हतं. त्या दिवसापासून गिऱ्हाईक फिरकलेलं नाही. हिने शिवलेलं अंगात घातलं तर रोग होईल, म्हणतात. निकाल ऐकून बाईंनी मला बसायला खुर्ची पुसून दिली.

तुझीच,
ठकू

१८ जून

चि. ठकूस,
अ. आ.

पत्र वॉर्डात सगळ्यांना वाचून दाखवलं. सोबत बारा गणवेशांचं कापड पाठवते. तीन माझे, बाकी इथल्या मुलींचे. मापं घडीत आहेत. माझ्या कंबरेचं माप वाचून हसलीस तर बघ. बाईंना म्हणावं, घाई नाही, पण शिवून झाले की कळवा. दुसरा वॉर्ड वाट बघतोय.

तुम्हा दोघींची,
ताई