डाव्या करंगळीची जागा

ता. ३ फेब्रुवारी

धाकटे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात, मी कुरकुरतो, दुकान चालू आहे. वीस वर्षांत चिठ्ठी नाही, चपाटी नाही आणि आज कसा उगवला, असं म्हणशील. म्हण. बोलणी खायच्या तयारीनेच बसलोय.

गेल्या मंगळवारी तुझी मुलगी दुकानात आली होती. दिवसभर उभं राहायची नोकरी आहे, बूट करून हवेत म्हणाली. माझी खोड तुला माहीत आहे. टेप घेता घेता विचारलं, "कुणाकडची तुम्ही? पुलाच्या अलीकडची की पलीकडची?"

"पायाचं माप घ्यायला ते लागतं का?"

मी ओशाळलो. मग तीच म्हणाली, "आई अलीकडची, बाप पलीकडचा. मी जन्मायच्या आधीच आईला टाकून पळाला. मी कुणाचीच नाही. माप तेवढं नीट घ्या."

तिने मोजा काढला. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. टेप माझ्या हातातच राहिली.

असा पाय मी एकदाच पाहिला होता. तुझ्या लग्नाला मी आलो नाही, चारचौघांत 'ती आम्हाला मेली' म्हणालो. पण तुझा नवरा मागच्या दाराने येऊन माप देऊन गेला होता. करंगळीला जागा हवी म्हणून डाव्या बुटाला मी फुगवटा काढला, दुहेरी शिवण घातली. "दादा, कुणी विचारलं तर आभाळातून पडले म्हणून सांगतो," असं म्हणून हसला. मलाही हसू आलं होतं.

आता खरं लिहितो. दंगलीनंतर शाळेच्या पटांगणात प्रेतं ठेवली होती. अधिकाऱ्याकडे दोन याद्या होत्या, एक आपली, एक त्यांची. चौदावा कुठल्याच यादीत बसेना, कारण त्याचा चेहरा उरला नव्हता. मला बोलावलं. "बूट करता ना तुम्ही? बघा, ओळखताय का." मागे आपली सगळी गल्ली उभी होती. मी तो फुगवटा पाहिला, माझीच शिवण पाहिली.

"नाही," म्हणालो. "माझ्या हातचा नाही."

ओळखलं असतं तर दुकान जाळलं असतं, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खरं आहे, पण अर्धंच. मागे उभ्या असलेल्यांना मी त्यांचा वाटायला हवा होतो. महिन्याने तू आलीस, अवघडलेली. 'कुठे दिसला का रे?' विचारलंस. पळाला असेल, ते लोक तसलेच, हे मीच तुला सांगितलं.

त्याच्या पायाचे लाकडी फर्मे अजून फळीवर आहेत. मी ते भिंतीकडे तोंड करून ठेवतो. सकाळी बोटं माझ्याकडे असतात. तुझी वहिनी शपथेवर सांगते, ती हात लावत नाही. दुपारी डोळा लागला की मागच्या दाराशी पावलं वाजतात, डावं जरा जपून टाकलेलं. उठून बघायचं मी सोडून दिलंय.

त्याला बेवारस म्हणून पुरलं, वर नुसता नंबराचा दगड. उद्या कचेरीत जाऊन त्या चौदा नंबरच्या दगडावर नाव घालायला सांगणार आहे. कुठल्या यादीत लिहू, विचारतील. सांगेन, माझ्या बहिणीचा नवरा, एवढंच लिहा.

मुलीचे बूट मी त्याच्याच फर्म्यांवर केलेत, ते थोडे तासून. शनिवारी न्यायला येईल. ती मला मामा म्हणणार नाही, हे धरून चाललोय. पण त्याआधी तिला सांग, तिचा बाप पळाला नव्हता.

कारण तो सापडला होता आपल्याच मागच्या गल्लीत. दंगलीच्या त्या दुपारी मागचं दार दोनदा वाजलं होतं. मी कडी लावून आत बसलो होतो. पाऊल ओळखलं होतं, धाकटे. दाराआडूनही ओळखलं होतं आणि पटांगणातही.

वर सवयीने आशीर्वाद लिहून बसलो. ते खोडून टाक.

कडीच्या आत बसलेला,
तुझा दादा