बुढा कोणामुळे वाचला

१० एप्रिल १९६१
सोने, हे कधी ना कधी तूच वाचून घेशील, म्हणून पहिला टोला तुलेच. होळीले माहेरी आली अन् जाताना लेकराचं दुपटं, नवऱ्याची छत्री अन् स्वतःची एक चप्पल इथंच विसरून मुकुटबनले गेली. एका पायानं बसमध्ये चढली तेव्हा दुसऱ्या पायाले काही वाटलं नाही काय? माही लेक असून असं डोकं कोणाचं घेतलं, देव जाणे. तुले सांगितलेलं वेशीपुढं टिकत नाही, म्हणून आजपासून कमळीले लिहायले बसवलं. सून चौथी शिकलेली, अन् ते शिक्षण आजवर भाकरी थापून राह्यलं होतं.
आज नाल्यावर तुह्या बाचं धोतर धुताना पुन्हा डाग. विचारलं तर म्हणे, "सळोई सांडली."
होळीले बकरा पडला, त्याच्या रक्ताची सळोई रांधली, सगळ्या तांड्यानं बोटं चाटली. खरं आहे. पण होळी होऊन महिना उलटला. धोतर तेव्हापासून कितीदा दगडावर आपटलं. सळोईले काय पालवी फुटून राह्यली?

१३ एप्रिल
आज तोंड उघडलं तुह्या बानं, तांड्याच्या नायकानं. परसाकडे रक्त पडते. होळीपासून. यानं मनाशी ठरवलं, खाल्लेली सळोईच निघून राह्यली. दोघा म्हाताऱ्यांनी मान डोलावली, "गोरमाटीचं, बंजाऱ्याचं पोट, नायक. धरून ठेवते." तिघं मिळून हुशार.
म्या म्हटलं, "अन् सळोई तर म्याही खाल्ली. माही कुठं गेली?"
मंग मूळव्याध झाली. सुरण आणा, ताक आणा. आर्णीच्या डॉक्टरचं नाव काढलं तर भिंतीकडे तोंड. सगळ्या तांड्याचे भांडणं सोडवणारा माणूस, तो परक्याले आपलं ते... कमळी लिहीत नाही. लाजली. लिही, पाठ.

१८ एप्रिल
आर्णी. बाजाराच्या निमित्तानं नेलं. बैल दाखवायचा म्हटलं अन् दवाखान्यापुढं गाडी थांबवली. बुढा म्हणे, "बैल कुठं आहे?" म्या म्हटलं, "गाडीत बसला आहे."
डॉक्टरनं बोट घालून तपासलं. बुढा बाहेर आला तो पळसासारखा लाल. "गेली माही नायकी," म्हणे.
आत देवरामले सांगून राह्यले डॉक्टर. तुहा भाऊ देवराम बापासारखाच, ऐकताना मान खाली. गाठ आहे. मूळव्याध नाही. मूळव्याध समजून माणसं ताक पीत बसतात अन् गाठ वाढत जाते. अजून सरकते आहे, कुठं रुतली नाही. पेरणीची वाट पाहू नका, नागपूरले न्या.
रोगाचं नाव त्यानं घेतलं. मी इथं घालत नाही.

६ मे, नागपूर
मोठा दवाखाना. खाली फरशी थंड, तेवढं सुख. गाठीसकट खालचा रस्ता काढणार, शिवून बंद करणार, अन् पोटाच्या डाव्या बाजूले भोक ठेवणार. तिथूनच सगळं, जन्मभर.
बुढा उठून बसला. "घरी चला."
मरणाचं भेव नाही त्याले. कारण भोग. दिवाळीले मरियामा देवीच्या पुढं विस्तवात तूप-गूळ घालायचा मान नायकाचा, त्याच्या बापाचा, आज्याचा. "पोटातून घाण गळणाऱ्याच्या हातचा भोग घेईल काय ती?"
म्या म्हटलं, "तुम्हाले घडवताना पोटात काय भरलं हे तिले माहीत नसल काय? तिनंच भरलं."
देवराम रडला. मी रडली नाही, बाजूच्या खाटेकडे पाहून राह्यली. नेरचा कापसाचा अडत्या, आमच्या देवरामहून जरासा मोठा, हातात घड्याळ, डब्यात काजू. तोच रोग. त्याले गेल्या वर्षीपासून माहीत होतं. रक्त पाहून पाणी ओतत गेला, बायकोले सांगितलं नाही. त्याचं पोट उघडलं, उशीर झालेला, तसंच शिवलं. त्याची बायको माह्यापाशी येऊन बसली अन् म्हणे, "माय, तुमचा माणूस जिद्द करून राह्यला ना? करू देऊ नका."
संध्याकाळी बुढ्यानं अंगठा दिला.

११ मे
झालं. देवरामचं रक्त चढवलं. शुद्धीवर आला तर पहिलं विचारलं, "बैलाले पाणी दिलं काय?" मेला नाही, तर हा बोलायचाच.

२ जून
केरळची एक नर्स आहे, काळीसावळी, हसरी. तिची मराठी अन् आपली, दोन्ही लंगड्या, पण हातानं सगळं समजते. सकाळी कोमट पाण्याची नळी भोकातून घालायची, पोट धुऊन घ्यायचं, मंग दिवसभर कोरडं. वर कापसाची गादी, वर पट्टा. पहिल्या दिवशी माह्या हातून भांडं कलंडलं, सगळं बुढ्याच्या अंगावर अन् माह्या. तो म्हणे, "लग्नात हळद लावली तेव्हाही अशीच सांडली होती." इतक्या दिवसांनी हसला. नर्सले काही कळलं नाही, तीही हसली.

२४ जून, तांडा
घरी. पाऊस नाही अजून. बायका पाहायले आल्या, लांब बसल्या. पदर नाकाशी. म्या सगळ्यांले जवळ ओढून बसवलं. वास नाही म्हटल्यावर हिरमुसल्या.

९ जुलै
आर्णीचा उस्मानभाई पिंजारी स्वतः आला. ताजी पिंजलेली रुई, एक सरकी नाही, एक काडी नाही. म्हणे, "भाभी, नायकाच्या पोटाले लागणार, हात धुऊन पिंजली." माह्या जुन्या घागऱ्याच्या कापडाच्या गाद्या शिवल्या. पट्टाही शिवला. बुढ्याले विचारलं, कवड्या लावू काय? आरसे लावू? चिडला. पट्टा उलटासुलटा करून पाह्यला. मंग हळूच, "एक ओळ लाव. कवड्यांची. आरसे नको."

२० ऑगस्ट
अंगावर मांस चढून राह्यलं. भात, मुगाचं वरण, ताक. मिरची बंद, कोबी बंद. मिरचीशिवाय जगून राह्यलेला पहिला गोरमाटी म्हणून त्याले मिरवावं काय? फोडणीचा वास आला की चुलीपाशी येऊन नुसता उभा राहते. त्या वेळेले मात्र माहा जीव...

८ नोव्हेंबर
आज भोग. हे नीट लिही कमळे, एक अक्षर सोडू नको.
म्हातारे गोळा झाले. तांड्याचा कारभारी म्हणे, नायकाले बसू द्या, मान आहे, पण यंदा तूप दुसऱ्याच्या हातानं. सोवळं-ओवळं आहे. बुढा उठायले लागला. कवड्यांचा पट्टा चाचपून, मान खाली घालून. तसा म्या त्याले कधी पाह्यला नव्हता. दवाखान्यातही नाही.
बायका मागं बसतात, बोलत नाहीत. मी उभी राह्यली.
म्या म्हटलं, "कारभारी, सकाळी आंघोळ केली?"
"केली."
"वरून ना? आमचा माणूस आतून करते. रोज. कोमट पाण्यानं, पोट धुऊन, मंगच चहा. या बसलेल्यात ज्याचं पोट आतून धुतलेलं असल त्यानं पुढं या अन् तूप घाला. मी पळी देतो हातात, असं देवराम म्हणते."
देवराम काही म्हटला नव्हता. पण उठला अन् पळी घेऊन उभा राह्यला. तेव्हाच पोराचा अभिमान वाटला मले, इतकी वर्षं काही केलं नाही त्यानं.
आधी कारभाऱ्याची बायको हसली. मंग सगळा मागचा घोळका. मंग कारभारीच म्हणे, "घाला नायक. नाहीतर माही बाई मले घरी जेवू द्यायची नाही."
तुह्या बानं तूप घातलं. जाळ उंच गेला. सोने, तू पाहायले पाह्यजे होतं. तू यायची तारीख विसरली होती.

१५ मार्च १९६२
नागपूरहून तपासून आलो. चांगलं आहे म्हणे. घरी आल्यावर वाद, बुढा कोणामुळे वाचला.
देवराम म्हणे, माह्या रक्तामुळे. उस्मानभाई भेटायले आला होता, तो म्हणे, रुईमुळे जखम चिघळली नाही, पण अल्लाची मेहर. कमळी म्हणे, ती भात वेगळा शिजवते त्यामुळे. आर्णीच्या डॉक्टरले विचारलं तर तो म्हणे, "लवकर आलात म्हणून. गाठ रुतली नव्हती म्हणून. शरीर धडधाकट होतं म्हणून. अन् घरचे सांभाळतात म्हणून. अन् थोडं आम्हालाही कळत नाही." शेवटचं बोलला तेव्हा तो मले आवडला.
बुढा म्हणे, "माह्या हाडामुळे."
म्या धोतर वाळत घातलं. धोतर कोण धुते ते सगळ्यांले माहीत आहे.
नेरचा अडत्या गेला, दिवाळीच्या आधीच. देवरामले बसस्टँडवर कळलं. तरणा माणूस. त्याच्या बायकोनं मले जिद्द करू देऊ नका म्हटलं होतं. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

३० ऑगस्ट १९६२
दुसऱ्या तांड्यातून माणसं येतात आता. गप्पा पाऊसपाण्याच्या, नजर जमिनीवर. बुढा ओळखते. गोठ्यामागं नेते, सदरा वर करते, पट्टा सोडून दाखवते. "पाह्यलं? याच्यानं कोणी मरत नाही. लाजेनं मरते. सळोई म्हणू नका, मूळव्याध म्हणू नका, बोट घालू द्या डॉक्टरले." ज्याले बैलाच्या बहाण्यानं गाडीत बसवावं लागलं, तो आता दुसऱ्यांले गाडीत बसवते. काल एकाले आर्णीले घेऊन स्वतः गेला. त्याची मूळव्याधच निघाली. बुढा जरा नाराजच झाला.

१९ ऑक्टोबर १९६२
पट्ट्याले आणखी एक छिद्र पाडलं. सैल होऊन राह्यला होता. कोणाले सांगितलं नाही. कमळे, हे लिहून घे अन् तूही सांगू नको.

२ नोव्हेंबर
सांगावं लागलं. बुढा ताट अर्धं ठेवून उठते. आर्णीच्या डॉक्टरनं उजव्या बरगडीखाली बराच वेळ दाबून पाह्यलं. म्हणे, काही नसलही. नागपूरचे पाहतील.
बुढ्यानं त्याले विचारलं, "आत्ताच आलो ना? उशीर नाही ना केला?" डॉक्टर म्हणे, "नाही नायक, या वेळी तुम्ही स्वतः चालत आलात." तुहा बा ताठ बसला. अंगावर मांस नाही, पण असा ताठ की सदऱ्याची गुंडी तुटल. यंदाही भोग यानंच घातला. पळी दोन्ही हातांनी धरली, तूप सांडलं नाही.

५ नोव्हेंबर
पुढच्या सोमवारच्या पहिल्या बसनं नागपूर. देवराम, मी, बुढा. उद्या जावई येते, ही वही त्याच्या हाती देऊन राह्यली. तुले वाचून दाखवल. रडशील तर स्वयंपाक करताना रड, मिरचीवर ढकलता येते.
काही खावंसं वाटते काय म्हणून विचारलं, तर दोन दिवसांनी आज उत्तर आलं. सीताफळ. तेही मुकुटबनच्या रानातलं. आर्णीच्या बाजारातलं चालत नाही नायकाले.
तर सोमवारच्या आत जावयाच्याच हाती पाठव. डोळे उघडलेले पण कडक पाह्य, पिकलेले पाठवशील तर बसमध्ये लगदा होईल. दोन टोपल्या भर. एक मी नागपूरले नेईन, बिया काढून भरवीन. दुसरीतले अगदी कच्चे ठेव, इथं जवारीच्या कडब्यात घालून जाईन. आम्ही दोघं परत येऊ तेव्हा ते पिकलेले पाह्यजे.