शनिवारचं लोखंड

१६ मार्च, रविवार
बाग मिळाली. फेराईनची, म्हणजे बागवाल्यांच्या संघाची, वेटिंग लिस्ट संपता संपत नव्हती, शेवटी मिळाली. भाडेकरार फक्त माझ्या नावावर. संदीप म्हणाला, "दोघांची नावं घालू ना." नाही म्हटलं. घर त्याच्या नावावर, गाडी त्याची, माझा व्हिसासुद्धा त्याच्या नोकरीच्या जिवावर. न्युरेम्बर्गमध्ये एक तुकडा जमीन मला माझी हवी, भाड्याची का होईना. कृषीची पदवी घेऊन बाल्कनीत कढीपत्ता जगवत बसलेय.

जागेची अवस्था भयाण. लाकडी खोपटं कुजलेलं, झुडपांचं कुंपण माझ्या डोक्याच्या वर. अध्यक्ष हेर ब्रांडल यांनी बजावलं: एप्रिलमध्ये पाहणी. तोवर एक तृतीयांश जागा भाजीसाठी खणलेली, कुंपण कापलेलं, अवजारं बंद कपाटात. नाहीतर "रांगेत पुष्कळ लोक आहेत, फ्राऊ साळवी."

माझ्याकडे अवजार म्हणजे कुंडीतलं खुरपं.

१९ मार्च, बुधवार
बाउमार्क्टमध्ये, हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात, जाऊन आले. नव्या फावड्याची किंमत बघून फावडं परत टांगलं. पत्र्याच्या कपाटापाशी तर थांबलेच नाही. सं.च्या ऑफिसात कुर्त्सआर्बाइट, म्हणजे कामाचे तास कमी, पगार कापलेला, त्यात पुण्याहून आलेल्या सासूबाईंची तिकिटं. म्हणजे जुनंच शोधायचं.

जुन्या वस्तूंच्या ॲपवर दिसेल त्याला लिहिलं. कुणी "राखीव", कुणी "गेलं", बाकीचे गप्प. एकाने विचारलं, "उचलायला नवरा येईल ना?" त्याला जे उत्तर टाइप केलं ते पाठवलं नाही. पाठवायला हवं होतं.

२२ मार्च, शनिवार
चौकात फ्लोमार्क्ट, जुन्या वस्तूंचा बाजार. पिशव्या घेतल्या, बूट घातले, सं.नेही घातले. तेवढ्यात आतून सा.बा.: "मेघा, आज शनिवार. लोखंड घरात आणायचं नाही हं."

सं.ने बूट काढले. बूट काढले आणि टीव्हीसमोर बसला.

सोम ते शुक्र इथले लोक कामावर, रविवारी सगळं बंद. जुनं लोखंड विकायचा या देशाचा वारच शनिवार आहे. हे शनिमहाराजांना कोण सांगणार?

२५ मार्च, मंगळवार
सापडलं! फ्राऊ क्योगल नावाच्या आजी. नवरा गेला, घर रिकामं करतायत. फावडं, कुदळ, दाताळं, कुंपणाची मोठी कात्री, झारी, आणि बाहेर ठेवायचं पत्र्याचं कपाट, कुलपासकट. फोनवर विचारत होत्या, "तुम्ही स्वतः वापरणार? पुढे विकणार नाही ना?" म्हटलं, मीच खणणार. किंमत अशी सांगितली की मलाच लाज वाटली.

पण न्यायचं शनिवारी दुपारीच. गॅरेजची किल्ली मुलाकडे, तो शनिवारीच येतो.

सा.बा.: "मेलेल्या माणसाची अवजारं? तीही शनिवारी?" मग कॅलेंडर काढलं. २९ ला अमावस्या. शनी अमावस्या! मी कपाळावर हात मारला.

सं.: "काहीतरी मार्ग काढू." हे वाक्य तो म्हणाला की माझं काम अडलंच समजावं.

२९ मार्च, शनिवार
तासांच्या भाड्याने ट्रेलर घेतला. आजींच्या गॅरेजात प्रत्येक अवजार आपापल्या खिळ्याला, तेल लावून पुसलेलं. फावडं माझ्या हातात देताना त्यांनी दांड्यावरून हात फिरवला.

बागेचं गाडीचं फाटक शनिवारी दुपारी बंद असतं, म्हणून घरी आणलं. इमारतीच्या दारात सा.बा. उभ्या. केलरमध्ये ठेवते म्हटलं. "तळघर म्हणजे घरच." बरं, अवजारं गाडीच्या डिकीत? "गाडी कुणाची? आपलीच ना?" ट्रेलर संध्याकाळी परत द्यायचा.

मग सं.चा मार्ग निघाला. सगळं खाली फुटपाथवर, सायकलींच्या शेजारी, भिंतीला टेकवून. "घरात नाही, दारात नाही. एका रात्रीचा तर प्रश्न आहे. उद्या पाडवा, गुढी उभारली की आत घेऊ. मुहूर्तावर येतंय बघ!"
"आणि कुणी नेलं म्हणजे?"
"अगं, जर्मनी आहे. इथे कोण हात लावतं?"

३० मार्च, रविवार, पाडवा
गेलं. सगळं.

गुढी बांधायला बाल्कनीत गेले, खाली वाकून पाहिलं तर फुटपाथ स्वच्छ. चप्पल न घालताच धावले. तळमजल्यावरची फ्राऊ लांग हसत दारात आली. रात्री एक कोंबीवाला, मोठी गाडी घेऊन, थांबला म्हणे, फार सज्जन माणूस. कपाट जड म्हणून हिने त्याला हात लावला. हिने! वर मलाच समजावते, "रस्त्यावर ठेवलं म्हणजे ज्याला हवं त्याने न्यावं, तसंच असतं ना?" अवजारांबरोबरची एक झारी तिने स्वतःसाठी ठेवली होती, ती परत केली. तेल गेलं, तूप गेलं, हाती झारी आली.

हे मला माहीत नव्हतं? सं.ला माहीत नव्हतं? आमचं डायनिंग टेबल कुठून आलंय? असंच फुटपाथवरून उचललंय, दोघांनी मिळून. काल एकालाही आठवलं नाही.

वर आले तर सा.बा. म्हणतात, "सुंठीवाचून खोकला गेला. मेलेल्याचं होतं, गेलं ते बरं."

मग माझा तोल गेला. म्हटलं, "आई, तुमचा शनी तुमच्याबरोबर विमानात बसून आलाय. जाताना त्याला घेऊन जा."

सणाच्या दिवशी, गुढीसमोर. श्रीखंड तसंच फ्रिजमध्ये. मला वाईट वाटत नाहीये.

३१ मार्च, सोमवार
सं.ने जिन्यात कागद लावला: कृपया परत करा. करतील हं.

जेवताना म्हणतो, "ब्रांडलशी मी बोलतो, माझं जर्मन बरं आहे. आल्झो, हवं तर करारच माझ्या नावावर करून घेऊ. तुला टेन्शन नको." मी ताट आपटलं. वरण उडालं. पुसलं नाही.

सा.बा. निदान मानतात तरी. जन्मभर मानत आल्या, इथे येऊन कशा बदलतील? सं. मात्र काडीचं मानत नाही. गेल्या वर्षी स्वतःची सायकल त्याने शनिवारीच आणली होती, तेव्हा आई पुण्यात होत्या. त्याचा विश्वास शनीवर नाही, वाद टाळण्यावर आहे. आणि दर वेळी टळतं ते माझं काम. याचा मला जास्त संताप येतो.

फ्राऊ क्योगलचा मेसेज: "फावडं कसं चाललंय?" काय लिहू? उत्तर दिलेलं नाही.

१० एप्रिल, गुरुवार
पाहणी झाली. शेजारच्या बागवाल्याचं फावडं उसनं घेऊन रोज खणत होते, तळहाताला फोड. निम्मंच झालं. कुंपण तसंच.

ब्रांडल सगळं बघून सं.कडे वळले. "तुमच्या बायकोला हे जड जातंय." सं. हसला. "हो, हो, आम्ही करतो." मी मध्ये पडले. म्हटलं, करार माझा आहे, माझ्याशी बोला. जर्मनची आर्टिकल्स चुकली असतील. चुकू देत.

ब्रांडलनी चष्मा वर केला. "गुट. महिनाअखेरपर्यंत. कपाट, स्वतःची अवजारं, कुंपण. नाहीतर नोटीस तुम्हाला येईल, फ्राऊ साळवी."

धमकी का होईना, मला दिली.

१२ एप्रिल, शनिवार
सकाळी ॲपवर शेजारच्या फ्यूर्ट शहरातला एक माणूस. फावडं, चार दातांचा फोर्क, कात्री, कपाट. अवजारं आजच न्यायची, कपाट बुधवारपर्यंत ठेवतो म्हणाला. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. माझं लायसन्स इथे चालत नाही, म्हणून ऊ-बानने, मेट्रोने गेले. येताना सुतळीने बांधलेली अवजारं उभी धरून बसले, आजूबाजूच्या सीट रिकाम्या झाल्या.

दार सा.बां.नी उघडलं. पाडव्यापासून आमचं बोलणं 'चहा ठेवलाय' एवढंच.
"मेघा, शनिवार आहे."
"हो, आई."
"उद्या आण आत. एक रात्र बाहेर..." आणि तिथेच थांबल्या. त्यांनाही आठवलं.

"सरका, आई."
सरकल्या नाहीत. मागून सं.: "आई... मेघा..." एवढंच. दोघींनीही त्याच्याकडे पाहिलं नाही.

"माझ्या लेकाला काही झालं म्हणजे?" त्या रागावलेल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. माझा राग तरीही उतरला नाही. म्हटलं, "आणि मला काय होतंय, ते कुणी विचारलं?"

मग त्या सरकल्या. फावडं आडवं नाही, उभंच जाईल एवढ्याच. मी आत जाताना त्यांनी पदर ओढून घेतला, लोखंडाला लागू नये म्हणून.

अवजारं पॅसेजमध्ये, बुटांच्या शेजारी उभी आहेत. सा.बा. जेवल्या नाहीत. सं. दोनदा येऊन त्यांच्या दाराशी उभा राहिला, दोनदा माझ्या. आत कुठेच आला नाही.

बुधवारी कपाट आणायला गाडी लागेल, आणि ती चालवायला तो. मी विचारणार नाही. आपणहून म्हणतो का, बघते.