सी पुसा, डीला हात लावू नका

शिरवणे, नेरूळ
रविवार

ती. पुतळाबायस,

धाकट्या जयदेवचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींची साखर? तुझी भाग्यश्री लग्नापर्यंत गोडाला शिवणार नाही म्हणाली होती, ते अजून टिकलं आहे का? आम्ही इकडे खुशाल आहोत. फक्त कॉम्प्युटर खुशाल नव्हता, आणि त्यासाठीच हे पत्र. फोनच केला असता, पण फोनवर माझं बोलणं रंगात आलं की नेमकी तुझ्याकडे कुकरची शिटी होते. (एकदा मी तुझ्याच ओट्यावरून तुला फोन लावला होता. कुकर चढवलेला नव्हता, तरी तू शिटी झाली म्हणालीस.) पत्राला शिटी होत नाही, म्हणून लिहितो.

तुला ठाऊकच आहे की आपल्या धवलारीण बायजाबाईंचे धवले, म्हणजे लग्नातली गाणी, मी फोनवर रेकॉर्ड करून कॉम्प्युटरमध्ये ठेवले होते. आपल्या आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण गाते तेव्हा लग्न लागतं, बाकी सगळी जेवणावळ. हे मी प्रत्येक सभेत सांगत आलो आहे. जमिनी गेल्या, खाडी गेली, आता गळेही द्यायचे का, हा माझा जुना सवाल आहे. म्हणून तर आपण ठरवलं की भाग्यश्रीच्या हळदीला डीजेच्या आधी तासभर स्पीकरवर बायजाबाईंचे धवले लावायचे. त्यांचं वय झालं, तुझ्या जासईपर्यंतची दगदग त्यांना झेपणार नाही, हेही आपण दोघांनीच ठरवून टाकलं.

आता झालेली गोष्ट सांगतो. आपल्या अरुणाच्या दिपेशने मागे माझ्या हार्ड डिस्कचे दोन भाग करून दिले होते. सी नावाच्या लहान भागात यंत्राचा स्वतःचा संसार, आणि डी नावाच्या मोठ्या भागात माझा : म्हणजे आजवरची भाषणं आणि हे धवले. गेल्या आठवड्यात वीज गेली. वीज परत आली, कॉम्प्युटर काही परत आला नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ, तिचा अर्थ असा की सुरू होण्यासाठी जे लागतं ते सापडत नाही. तुझी भावजय मैना म्हणाली, दुकानात न्या. मी म्हणालो, घरातला प्रश्न घरात सोडवता आला पाहिजे. ज्या समाजाला आपली वस्तू आपल्या हाताने उघडता येत नाही त्याने हक्कांच्या गोष्टी करू नयेत. (पेचकस मात्र शेजाऱ्यांकडून आणावा लागला.)

वायरी काढून पुन्हा लावल्या. धूळ पुसली. आतमध्ये एक पाल राहत होती, तिला जायला वेळ दिला. ओळ तीच. मग दिपेशने एक पेन ड्राइव्ह पाठवला आणि फोनवर सांगितलं, त्यावरून मशीन चालू होईल, आजारी भाग पुसा आणि तिथे सगळं नव्याने टाका. त्याचे शब्द असे होते : "मामा, सी पुसा, डीला हात लावू नका. बाकी काय डोकं चालवू नका." वडीलधाऱ्यांशी बोलायची ही पद्धत नव्हे, पण सूचना स्पष्ट होती. मला स्पष्ट सूचना आवडते.

पेन ड्राइव्ह लावल्यावर पडद्यावर डिस्कच्या भागांची नावं आली, पुढे कोण केवढा त्याचे आकडे. मैना मागे उभी होती. ती म्हणाली, "सी एवढा मोठा कसा? तुमी तर बोललेलात, सी लहान हाय." मी तिला सांगितलं की आकडे येतात आणि जातात, नाव महत्त्वाचं. माणसाने एकदा नावाला धरलं की आकड्यांनी डगमगू नये. यावर मी थोडं विस्ताराने बोललो. ती म्हणाली, "मंग करा," आणि बोंबील साफ करायला गेली. मी सी पुसला. पूर्ण निष्ठेने पुसला.

पुढची कामं करण्याआधी एकदा पाहावं म्हणून दिपेशचा पेन ड्राइव्ह काढला आणि मशीन लावलं. काळा पडदा, तीच ओळ. दिपेशला फोन केला. त्याने विचारलं, "मामा, पुसलात त्याचा आकडा किती होता?" मी सांगितला. त्याने तो पुन्हा एकदा वदवून घेतला. मग कळलं ते असं की बाहेरच्या पेन ड्राइव्हवरून मशीन चालू केलं की ते भागांना नव्याने अक्षरं वाटतं. रोजचा डी त्या पडद्यावर सी झाला होता. म्हणजे बाहेरून यायचं, आमच्या घरातल्यांची नावं आपल्या सोयीने बदलायची, आणि चूक झाली तर ती घरच्यांची! शहर वसवणाऱ्यांनी आपल्या गावांना सेक्टरचे आकडे दिले तेव्हा मी याच विषयावर बोललो होतो. ते भाषणही डीमध्येच होतं.

मैनाने सगळं ऐकलं. तिने बोंबील वाढले. मला तिच्याकडे बघवेना, कारण बायजाबाईंनी ते धवले मोठ्या अटीवर गायले होते : नवरीशिवाय हळदीचा धवला गाणार नाही म्हणाल्या, म्हणून मैनालाच पाटावर बसवून नव्याने हळद लावली होती. भाग्यश्रीची हळद जवळ आली होती, आणि धवले मी माझ्या हाताने पुसले होते.

मग रिक्षात खोका घेऊन नेरूळ स्टेशनापाशी सुगतच्या दुकानात गेलो. त्याने खोका फिरवला, मागे हात घातला आणि दुसरा एक पेन ड्राइव्ह उपटला. "काका, हा कोणाचा?" म्हणाला. मी सांगितलं, माझा, निवडक भाषणांचा, वीज गेली तेव्हापासून तिथेच राहिलेला. त्याने तो बाजूला ठेवला, बटण दाबलं, आणि कॉम्प्युटर सुरू झाला. झालं होतं ते एवढंच : मशीन आधी पेन ड्राइव्हमध्ये डोकावतं, तिथे सुरू होण्याजोगं काही आहे का बघतं, आणि नसेल तर तिथेच अडून बसतं. आठवडाभर ते माझ्या भाषणांत सुरुवात शोधत होतं. सी ठणठणीत होता, डी ठणठणीत होता. मी पुसेपर्यंत.

नशीब असं की घाईत पुसलेल्या भागातली फक्त नावनिशाणी जाते, माल तसाच राहतो, जोवर वर काही नवीन लिहीत नाही तोवर. सुगतने एका दुसऱ्या डिस्कवर सगळं काढून दिलं. मात्र फाइलींची नावं गेली ती गेलीच. भाषणं आणि धवले एका पोत्यात ओतल्यासारखे, वर नुसते आकडे. कुठला धवला कुठला हे ओळखायला काल बायजाबाईंना घरी बोलावलं. मैनाने चहा दिला. पहिली फाइल लावली, त्यातून मी निघालो. दुसरी लावली, मी. तिसरी, मीच. बायजाबाई म्हणाल्या, "ह्यो मघाशीच बोलला ना?" मी सांगितलं की मघाचं तळ्यावरचं होतं, हे शाळेवरचं आहे. (दोन्हींची सुरुवात सारखी आहे, हे खरं. पण तळं आणि शाळा दोन्ही आमच्याच गावची.)

शेवटी हळदीचा धवला लागला. बायजाबाईंनी दोन ओळी ऐकल्या आणि हात वर केला. मैनाने बंद केला. "हलद नाय, नवरी नाय, आन् धवला कनाला?" म्हणाल्या. मी त्यांना जासईच्या हळदीचा, स्पीकरचा, डीजेच्या आधीच्या तासाचा सगळा बेत समजावून सांगितला. त्यांनी कप खाली ठेवला.

"मी जित्ती हाय ना रं? मना कोनी इचारला?"

लोकांना न विचारता लोकांचे निर्णय घेणाऱ्यांविरुद्ध मी जन्मभर बोललो. त्या वेळी मला एक वाक्य सुचलं नाही. (मैना साक्षीला आहे. तिने देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले.)

असो. कॉम्प्युटर बरा आहे, धवले सापडले आहेत. भावोजींना नमस्कार, भाग्यश्रीला आशीर्वाद. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
जयदेव

ता. क. धवले सापडले, पण ते लावायचे नाहीत. बायजाबाई स्वतः येऊन गाणार. मात्र बोलावल्याशिवाय त्या उंबरा ओलांडणार नाहीत. मी नारळ घेऊन गेलो होतो, तो परत आला. नवरीच्या आईने यायला पाहिजे म्हणाल्या. तेव्हा गुडघा असेल तसा घेऊन या आठवड्यात ये, नारळ, सुपारी आणि लुगडं घेऊन. दिपेश गाडी आणेल. डीजेवाल्याला तू सांग, मी सांगितलं तर वेळ लागेल.

आणखी एक. त्यांची अट अशी की हळदीला माइक माझ्या हातात द्यायचा नाही. मी ती तत्त्वतः मान्य केली आहे. पण धवलारणीचा परिचय कोणीतरी करून द्यायलाच हवा, म्हणून चार शब्द लिहून काढले आहेत.

वन्सं, चार शब्दांचे ते कागद मी बोंबलाच्या काट्यांसंगं गुंडाळून टाकलेत. तुमी नारल घेऊन या. — मैना