रूळ काढलेली वाट

ओल्ड एअरपोर्ट, दोहा
८ जून २०२२

प्रिय अंतरा,

तू मराठी सावकाश वाचतेस हे मला माहीत आहे. तसंच वाच. पानांचे फोटो काढून पाठवते आहे, कारण शनिवारी तू निघणार आणि तोवर टपाल जर्मनीला पोचायचं नाही. फोनवर मला हे जमलं नाही. दोनदा लावला, आणि दोन्ही वेळा तुला जेवलीस का विचारून ठेवून दिला.

"तू हो म्हटल्याशिवाय मी जाणार नाही," असं तू सांगितलंस, आणि मी तीन वेळा नाही म्हटलं. आधी पावसाचं कारण दिलं. मग तुझ्या परीक्षेचं. मग एकट्या मुलीनं चार दिवस सायकलवर, असं. तू प्रत्येकाला उत्तर दिलंस, हवामानाचा तक्तासुद्धा पाठवलास. चौथं कारण मला सुचलं नाही. भीती मात्र होती तेवढीच आहे.

मागच्या रविवारी तू पहिल्या टप्प्यावर नुसती चक्कर मारून आलीस, त्याचा चौदा मिनिटांचा व्हिडिओ मी शाळेच्या लॅबमध्ये पाहिला, मुलं गेल्यावर, टेस्ट ट्यूब धुवायच्या तशाच ठेवून. डावीकडे सगळा वेळ नदी. पलीकडे उतारावर गाई बसलेल्या. जुनं स्टेशन आलं, तिथं आता लोक टेबलं मांडून कॉफी पीत होते आणि फलाटाच्या कडेला कुंड्या होत्या. तू काहीतरी म्हणालीस आणि एक म्हातारे गृहस्थ हसले. इतकं छान आहे ते सगळं, की मला वाटलं आपण उगीच घाबरतो. मग तो उंच पूल आला. तू एका हातानं हँडल धरून दुसऱ्या हातानं खालची दरी दाखवलीस. मी लॅबमध्ये मोठ्यानं "दोन्ही हात!" असं ओरडले, शिपाई बघायला आला. आणि मग बोगदा. उजेड गेला, नुसता टायरचा आवाज आणि तुझा श्वास. मी फोन पालथा ठेवला. तू बाहेर आलीस हे माहीत असूनही पुढचं मी अजून पाहिलेलं नाही.

त्यानंतर रोज शाळेतून आले की मी नकाशा उघडते. तिसऱ्या दिवशी दोन स्टेशनांच्या मध्ये अकरा किलोमीटर एकही घर दिसत नाही. तूच म्हणालीस की दरीत मधूनमधून रेंज जाते. तू ते हसत म्हणालीस.

बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ काढून केलेली ही सायकलची वाट बाबांनीच शोधली होती, तुला आठवत असेल. मेट्रोच्या रेड लाइनवर ते रूळ टाकत होते तेव्हाची गोष्ट. एका शुक्रवारी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "शैलजा, आयुष्यभर रूळ टाकले, आता एकदा काढलेले बघायचेत." रेल्वेला चढ सोसत नाही, म्हणून अशा वाटेवर माणसालाही तो लागत नाही, माझ्यासारखीलाही जमेल, असं मला समजावलं. आणि मला सायकल शिकवायला लागले, बिल्डिंगच्या मागच्या पार्किंगमध्ये. मी तंदूरवाल्याच्या पिंपांवर जाऊन आदळले तेव्हा तू गॅलरीतून टाळ्या वाजवल्या होत्यास. मला नाहीच जमलं. बाबांना सायकलवर न्यायला येणारे अबूबकरकाका तेव्हा म्हणायचे, "वहिनी, तुम्ही नाय आलात तेच बरं. साहेबांना कुठं रूळ दिसले की हे खाली उतरून वाकून बघतात. सायकल चालवतायत की इन्स्पेक्शन करतायत, काय कळत नाय!" बाबा म्हणायचे, "श्रीवर्धनच्या माणसानं रेल्वेबद्दल बोलू नये, तुमच्याकडं अजून गाडी आलेली नाही." दर शुक्रवारी पहाटे हेच चालायचं, आणि मग दोघं निघायचे.

काका परवा सुरय्याकाकूंबरोबर येऊन गेले. ते आता सायकल चालवत नाहीत. वर्ल्ड कप पाच महिन्यांवर आलाय, सगळीकडे खणून ठेवलंय, खांबाखांबावर झेंडे लावतायत. उत्तरेकडच्या रस्त्याला सायकलींसाठी वेगळा ट्रॅक झाला, गाड्यांपासून लांब, असं काकांनी सांगितलं. आणि लगेच काकूंनी विषय बदलला. मी रोज मेट्रोनं शाळेत जाते. बाबांनी ती सुरू झालेली पाहिली नाही, ते गेले तेव्हा तीन महिने राहिले होते.

आता लिहायचं होतं ते लिहिते.

तीन वर्षांपूर्वीचा, पंधरा फेब्रुवारीचा शुक्रवार. काका मुलीच्या मंगनीसाठी गावी गेले होते, म्हणून बाबा एकटेच गेले. उम्म सलाल मोहम्मद या गावाला पोचले की ते मिस्ड कॉल द्यायचे. दोन रिंग आणि कट. तो मी उचलायचा नाही. आम्ही इथं नवीन आलो तेव्हा फोन महाग होते, तेव्हाची ही रीत. पुढे त्या पैशांचं काही वाटेनासं झालं तरी आम्ही ती मोडली नाही. एकदा मी उचलला होता तर हसून म्हणाले, "अगं, उचलतेस काय? पोचलो एवढंच."

त्या दिवशी सहा चाळीसला फोन वाजला. मी पोह्यांची फोडणी करत होते. दोन रिंग झाल्या, तीन झाल्या, तो वाजतच राहिला. मी हात पुसले, फोनजवळ जाऊन उभी राहिले. नाव दिसत होतं. मनात म्हटलं, कट करायला विसरले. आता उचलला तर पुन्हा हसतील. मग तो बंद झाला. मी पोहे घातले, झाकण ठेवलं. आठला पोलिसांचा फोन आला. भाजीच्या पिकअपवाल्याला ते रस्त्याकडेला सापडले होते. सायकल खांबाला नीट टेकवलेली होती. म्हणजे ते पडले नव्हते, उतरून बसले होते. फोन हातात होता.

हॉस्पिटलच्या बाकावर तू मला विचारलंस, बाबांचा फोन आला होता का. मी नाही म्हटलं. दोन्ही फोनमधून तो कॉल मी काढून टाकला. तेव्हापासून तू सगळ्यांना सांगतेस की बाबांना काही कळलंसुद्धा नाही, हृदय एका क्षणात बंद पडलं. तुला त्याचा आधार आहे हे मला दिसतं, आणि ते खरं नाही हे मला एकटीलाच माहीत आहे. उचलला असता तर काही झालं असतं का, हे मी डॉक्टरांना आजवर विचारलेलं नाही. धीर होत नाही.

हे मी तुला कधीच सांगितलं नसतं. पण काल तुझा मेसेज आला की प्रत्येक जुन्या स्टेशनवर थांबून तू बाबांसारखा मिस्ड कॉल देशील, मी उचलायचा नाही, म्हणजे मला कळेल तू पोचलीस. तू मला धीर यावा म्हणून लिहिलंस. मला ते सोसणार नाही, अंतरा. फोन वाजत असताना मी पुन्हा तशी उभी राहू शकत नाही. तू जा. मी हो म्हणते आहे, घाबरतच म्हणते आहे, आणि तू परत खोलीवर पोचेपर्यंत घाबरलेलीच राहणार आहे, त्याला इलाज नाही. पण मिस्ड कॉल द्यायचा नाही. मी उचलीन, आणि तू बोलायचं. हे वाचून माझा राग आला तर रागावून बोल, ओरड, मला जे विचारायचं ते विचार, मी आता खरं सांगेन. फक्त मी उचलायच्या आत ठेवू नकोस.

तुझीच,
आई