चोवीस फुटांचा घेर

घरून,
४ जानेवारी

माझा बाक हलवायचं ठरलं आहे आणि मला कुणी विचारलं नाही. हे आधी लिहिते, आशीर्वाद मागून.

आता घे. चि. भिंगरीस आजीचे पोटभर आशीर्वाद. फोनवर हे सांगता येत नाही, कारण मी फोन कानाला लावला की तुझी आई भाजी निवडायला नेमकी माझ्याच शेजारी येऊन बसते. शाळेत मी फार गेले नाही, अक्षर वाकडं आहे. मजकूर सरळ आहे.

तू दवाखान्यात लोकांना पाण्यात चालवतेस. चालव. पण पाठीला पाण्यासारखं औषध नाही हे बापाला लिहायची काय गरज होती? जन्मभर शिलाई मशीनवर वाकलेला माणूस, त्याला आता परसात तलाव हवा. खणायचा नाही म्हणे. जमिनीवर चार फूट उंच पत्र्याची गोल टाकी उभी करायची, कायमची, आणि तिच्याभोवती तेवढ्याच उंचीचा लाकडी ओटा. त्याला डेक म्हणायचं. सकाळ-संध्याकाळ डेक, डेक. बदकं पाळल्यासारखं वाटतं.

तुझ्या बापाची रीत तुला ठाऊक आहे. शिंप्याचा मुलगा, आधी कागद कापणार, मग कापड. माहितीपत्रकात चोवीस फूट लिहिलं आहे, म्हणून त्याने कडेकडेने टेप फिरवून बरोबर चोवीस फूट घेर धरला, खाकी कागद चिकटवून तलाव कापला आणि परसात अंथरला. वर विटा. आता त्याच्यावरून कुणी चालायचं नाही, कारण ते पाणी आहे. तुझी आई कचरा टाकायलासुद्धा वळसा घालून जाते. काल मी मुद्दाम मधून गेले, तर मला म्हणतो, आई, बुडशील.

तलाव मावतो. पण डेक येतो मागच्या भिंतीपर्यंत, माझ्या बाकाच्या उरावर. मला काही त्या लाकडाचं प्रेम नाही. पण भिंतीपलीकडे मास्तरीण आहे. तिच्या मुलाने गेल्या वर्षी भिंत पुरुषभर उंच केली, तेव्हापासून तिचं तोंड दिसलेलं नाही. दोघींचे गुडघे गेलेले, ना ती येत, ना मी जात. त्या बाकावर बसून ओरडलं तरच तिला ऐकू जातं. रोज दुपारी आमचं भांडण असतं. ते मी आता कुठे करू, न्हाणीघरात?

बापाला लिही की पाठीला शेक पुरतो. लवकर लिही. आणि नीट जेवत जा.

रागावलेली, तरी तुझीच,
आजी


११ जानेवारी

ती. आजीस भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वॉर्डातल्या सगळ्या पेशंटांना वाचून दाखवलं. दोघांनी तुझ्याकडे राहायला येऊ का असं विचारलं आहे.

शेक पुरतो असं मी लिहिणार नाही, कारण तो पुरत नाही. मागच्या सुट्टीत बाबा मशीनवरून उठले आणि दारापर्यंत तसेच वाकलेले गेले. तू हसलीस, काय हरवलंय का म्हणून विचारलंस. पण मग तेलाची वाटी कोमट करून तूच आणलीस. मी पाहिलं आहे, नाही म्हणू नकोस.

बाक फेकायचा कशाला? डेकवर ठेवू. सुतारकाकांना डेकचा एक तुकडा नमुन्यादाखल भिंतीपाशी उभा करायला सांगते, पायऱ्यांसकट. वर बसून बघ आणि मग नाही म्हण. मास्तरीणबाईंना माझा नमस्कार भिंतीवरून फेक.

तुझ्या शिव्यांना सोकावलेली,
भिंगरी


२३ जानेवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद, आज जरा जास्तच. मी जिंकले.

काल तलाव बसवणारा मिस्त्री आला. त्याने परसाच्या मध्ये खुंटी ठोकली, दोरी बांधली आणि जमिनीवर चुना टाकत गोल फिरायला लागला. आधी कपड्यांच्या तारा पाण्यात गेल्या. मग धुण्याचा दगड गेला. मग तो दोरी घेऊन सरळ स्वयंपाकघरात शिरला. तुझी आई कढईपाशी उभी होती, ती गळ्यापर्यंत बुडाली.

तुझा बाप त्याच्या मागे कागद घेऊन धावत होता. मिस्त्रीने कागद पाहिला आणि तलाव कुणाच्या कमरेला बसवायचा आहे असं विचारलं. चोवीस फूट म्हणजे घेर नव्हे ग, या काठापासून त्या काठापर्यंत! आम्ही सगळे त्या कागदाला इतके दिवस वळसे घालत होतो, पण शंका एकाला आली नाही. मलाही नाही. शिंप्याच्या घरात माप घ्यायचं म्हणजे टेप गोल फिरवायची, दुसरं कुणाच्या डोक्यात येतच नाही.

मिस्त्री बारा फुटी तलाव मिळतो म्हणाला, तो मावेल. पण तुझा बाप ऐकून घ्यायला उभा राहिला तर ना. जाऊन मशीनवर बसला. ज्याने गावभर लोकांना पँटी बसवून दिल्या त्याला परसात तलाव बसवता आला नाही, हे त्याला लागलं आहे. तलाव रद्द. कागदाच्या त्याने पट्ट्या केल्या.

सुताराने तुझा तो नमुना भिंतीपाशी उभा केला होता. तोही आता परत जाईल. मी काही चढले नाही.

बाक जागेवर आणि आजीही जागेवर.


३० जानेवारी

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

जिंकलीस, अभिनंदन. बाबांशी फोनवर बोलायला गेले तर त्यांनी हवेपाण्याच्या गप्पा मारल्या. म्हणून कालच त्यांना पत्र टाकलं आहे, की तलावाचा विषय सोडा, मनाला लावून घेऊ नका. सुतारकाकांनाही नमुना घेऊन जायला कळवते. तुझी दुपार आता कुणी मोडणार नाही.

हरलेली,
भिंगरी


५ फेब्रुवारी

तुला पत्र टाकायची एवढी घाई कुणी सांगितली होती? मी काही लिहिलं की लगेच ऐकायचं, हे कुठून शिकलीस? तुझ्या आईकडून तर नक्की नाही.

चि. भिंगरीस आशीर्वाद, राग बाजूला ठेवून. ऐक. परवा घरात कुणी नव्हतं. सुताराने काम किती वाईट केलं आहे ते तरी बघावं म्हणून मी त्या नमुन्यावर गेले. पायऱ्या बसत बसत चढले, कठडा धरून उभी राहिले. काम बरं आहे. आणि पलीकडे मास्तरीण खाटेवर बसली होती.

तिने वर पाहिलं आणि पहिलं काय म्हणावं? तर वर्षभरात तुझे सगळे दात गेले, तरी तोंड कसं बंद होत नाही. भिंगरे, ती वाळून काडी झाली आहे. मनगट माझ्या दोन बोटांत येईल. आवाज मात्र वर्षभर होता तेवढाच काढत होती, म्हणून मी फसले. सून नोकरीला जाते, ताट झाकून ठेवते. ते ही बाई मांजराला घालते. मी वरून पाहिलं, मांजर चांगलं गुबगुबीत आहे.

काल दुपारी ती जेवेपर्यंत मी वरून हललेच नाही. तिने मला फार शिव्या दिल्या. जेवली.

तर आता बारा फुटांचा तलाव आणायचा आणि डेक थेट त्या भिंतीपर्यंत न्यायचा. पायऱ्या रुंद, दोन्ही बाजूंना कठडा, कारण पुढेमागे त्या बाईलाही पाण्यात चालवायचं आहे. तुझ्या बापाला मी सांगणार नाही. मी विरोधात आहे असं घरात सगळ्यांना माहीत आहे, ते तसंच राहू दे. तूच त्याला लिही, की पाठीसाठी तलाव लागतोच आणि शिंप्याने बारा फुटी माप टेप सरळ धरून घ्यावं. सुताराला आधी थांबव, तो सोमवारी नमुना न्यायला येतो आहे.

उत्तर मला अजिबात नको. उत्तर त्याने द्यायचं, स्वतःच्या हाताने, तुझ्या आईकडून लिहवून घ्यायचं नाही, आणि ते मला वाचून दाखवायचं, म्हणजे मला सगळ्यांसमोर रागावता येईल.

आजी