पिंपाचं झाकण

बॉस्टन, मंगळवार, १९ मार्च १७७६

एबेनदादा,

अक्षर सांभाळून घे. शाळा सुटल्यापासून हात चालत नाही, एका ओळीला फार वेळ लागतो. मी बरी आहे. गावात देवीची साथ आहे आणि तुला देवी येऊन गेल्या नाहीत म्हणून तुला आत सोडत नाहीत, असं शेजारचे ओबेदकाका म्हणाले. चिठ्ठी तेच आणतायत.

इंग्लंडच्या राजाचं सैन्य रविवारी जहाजांत बसून गेलं. आपलं कुंपण त्यांनी जाळलं, कोंबड्या तर कधीच खाल्ल्या.

तुमच्या तोफा डोंगरावर दिसल्या त्या सकाळी बाबा ओबेदकाकांची दुर्बीण घेऊन छपरावर चढले. म्हणाले, "पिंपं रचलीत बघ, टॅबी. माती भरून वर चढणाऱ्यांच्या अंगावर सोडणार. पिंपं करणार नाही म्हणून भांडून गेला, आता त्यांच्याच मागं लपलाय." आणि हसले. तू गेल्यापासून पहिल्यांदाच.

मग राजाच्या सैन्याची पळापळ. जहाजावर पाण्याला पिंपं हवीत, ती करायला माणूस हवा. एक सार्जंट दारोदार पिंपवाले धरत होता. बाबा म्हणाले, "माझा पोरगा त्या डोंगरावर, मी यांच्याबरोबर कुठं जाऊ?" आणि कारखान्यातल्या मोठ्या पिंपात जाऊन बसले. झाकण मी लावलं.

आता लोक म्हणतात, पिंपवाला म्हातारा आपण होऊन गेला, राजाचा लाडका. तू तसं मानू नको.

सार्जंटनं मला विचारलं, "बाप कुठाय?" परक्या माणसापुढं माझं तोंड उघडत नाही, तुला माहितीय. मी काही बोलले नाही, दादा. खरंच नाही.

"मुकी आहेस का गं?"

मी फक्त बघितलं. पिंपाकडं. एकदाच.

त्यानं जाऊन झाकणावर टकटक केलं, पाहुणा दारावर करतो तसं.

बाबा रागावले नाहीत. जाताना म्हणाले, "झाकण मात्र छान बसवलं होतंस."

जहाजं अजून बंदराच्या तोंडाशी, नँटास्केटला थांबलीत, पाणी भरतायत. ती हलायच्या आत तुझ्या कप्तानाला सांग, बाबांना ओढून नेलंय. कसं सापडले तेही सांग. खोटं वाटलं तर मला बोलवा. मी बोलेन, सगळ्यांसमोर.

तुझी, अजून तुझी असेन तर,
टॅबिथा

मांजर व्यालीय. तीन पिल्लं, त्याच पिंपात. झाकण मी काढून ठेवलंय.